पाणी बघणारा

हे लिहायला बसण्याआधी मी खिडकी लावून घेतली. दुपारची वेळ, घरात मी एकटा, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, तरी लावली. यातलं एक वाक्यही आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलेलं नाही, मित्रांना नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. बातमीदारीत माझं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका लिहिण्यात गेलं. ही एक लिहायची राहिली. राहिली म्हणजे — मी ठेवली.

तुम्ही अलिबागच्या बाजूचे नसाल तर 'बंदर इलेव्हन' हे नाव तुम्ही ऐकलेलं नसेल. किहीम आणि रेवस यांच्या मधल्या पट्ट्यातलं एक गाव, आणि त्या गावाची टेनिस चेंडूवर खेळणारी टीम. गावाचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील. अलिबागची पोरं आमच्या टीमचं नाव मुद्दाम हिंदीत घ्यायची आणि मॅचला येताना केळ्यांचा घड आणायची. आम्ही केळी खायचो आणि मॅच जिंकायचो. सलग आठ वर्षं किनाऱ्यावरची एकही मोठी ट्रॉफी आमच्या गावाबाहेर गेली नव्हती. कोळीवाडा, मोहल्ला आणि आतल्या बाजूची भातशेतीवाली घरं — तिन्हीकडची पोरं एकाच टीममध्ये असायची. आज गावात दोन टीमा आहेत. दोन्ही पहिल्या फेरीत हरतात.

असं का झालं, हे लोक मलाच विचारतात. मी यावर लेखही लिहिले आहेत. चांगली पोरं आखातात नोकरीला गेली. किनाऱ्यालगतच्या मोकळ्या जागा मुंबईकरांच्या बंगल्यांच्या कुंपणात गेल्या. लिलावात खेळाडू घेऊन भरवलेल्या स्पर्धा आल्या आणि गावाची टीम ही गोष्टच उरली नाही. हिरव्या जाळीतली टर्फ आली. ही सगळी कारणं मी माणसांना भेटून, तपासून लिहिली. त्यातलं प्रत्येक कारण खरं आहे, आणि तरी ते लेख खोटे आहेत. खऱ्या गोष्टी एकीपुढे एक ठेवून खोटं उभं करता येतं का? येतं. मला ते येतं.

सुरुवात कुठून करू? जागेपासून करतो. जागेबद्दल लिहिणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

आमच्या गावाजवळ खाडी समुद्राला मिळते. तिच्या तोंडाशी ओहोटीला वाळूचा एक लांबलचक दांडा उघडा पडतो. ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट बसते. त्यावर टेनिस चेंडू उसळत नाही, घसरत येतो. बाहेरच्या टीमचे फलंदाज गुडघ्याच्या उंचीवर बॅट फिरवायचे आणि चेंडू घोट्याजवळून स्टम्पवर जायचा. आमची पोरं लहानपणापासून तिथेच खेळलेली. दांडा म्हणजे आमचा अर्धा विजय होता.

पण दांडा आणि गाव यांच्या मध्ये एक चर आहे. ओहोटीला तो कोरडा असतो, पाय न भिजवता ओलांडता येतो. भरती लागली की पाणी समोरून यायच्या आधी मागून, या चरातून येतं. खाडीचं आणि समुद्राचं पाणी तिथे एकमेकांत शिरतं आणि चर बघता बघता भरतो. दांड्यावर उभ्या माणसाला ते दिसत नाही, कारण दांड्याला पाठ आहे, उतार आहे. समोर समुद्र लांब असतो. मागे रस्ता बंद झालेला असतो.

म्हणून आमच्याकडे एक रीत होती. चरात एक बांबू रोवायचा, त्याला गुडघ्याच्या उंचीवर लाल फडकं बांधायचं. पाणी फडक्याला लागलं की खेळ थांबला — मग कुणी नव्वदवर असो की शेवटची विकेट बाकी असो. आधी पाहुणे चर ओलांडणार, मग गाववाले. मॅच दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. या बांबूशेजारी, चराच्या काठावर, यजमान गावाचा एक माणूस उभा राहायचा. त्याला 'पाणी बघणारा' म्हणत. वाऱ्यात हाक पोचत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या होत्या. टॉवेल वर — पाणी लागलं. हात पुढे करून पालथा धरला — अजून वेळ आहे, चालू द्या. पाहुण्यांनी पाण्याकडे बघायचं नाही, हाही रीतीचाच भाग होता. बघणं म्हणजे यजमानांवर अविश्वास दाखवणं. डोंगराकडच्या गावांतली, पोहायला न येणारी पोरं त्या चराकडे पाठ करून निर्धास्त उभी राहायची. आमच्या शब्दावर.

पाणी बघणारा मी होतो.

मीच का? मी खेळायला वाईट होतो. शिवाय शिकलेला, पेपरात नाव छापून येणारा. पेपरवाला खोटं कशाला बोलेल, असं गावाला वाटे.

कॅप्टन होता दिलावर, मोहल्ल्यातला. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, मला 'भाऊ' म्हणायचा. त्याच्या बॅटिंगबद्दल मी पुष्कळ लिहिलं आहे, इथे एकच सांगतो. घसरत येणारा चेंडू तो इतका उशिरा खेळायचा की गोलंदाज विकेट मिळाली म्हणून हात वर करायचा, आणि चेंडू सीमेबाहेर गेलेला असायचा. कोळीवाड्यातल्या बाया म्हणायच्या, "दिलावरचं डोलं घारीचं हाईत." तो हसायचा. त्याला त्या डोळ्यांचा अभिमान होता. मी हे लिहितो आहे त्याला कारण आहे.

आता त्या दिवसाकडे यावं लागेल. दोन वेळा पाणी पिऊन आलो.

वीसेक वर्षं झाली. फायनल होती. समोर डोंगराच्या पायथ्याच्या एका गावाची टीम. तेव्हा मी एका दैनिकाचा गावपातळीवरचा बातमीदार होतो. मोबाइल आमच्याकडे फारसे पोचले नव्हते. बातमी एसटीडी बूथवरून अलिबागच्या कार्यालयात तोंडी सांगायची. काही आठवड्यांपूर्वी माझ्याकडून एक मोठी चूक झाली होती — निधनाच्या बातमीत मी मेलेल्या माणसाऐवजी त्याच्या जिवंत भावाचं नाव सांगितलं होतं. उपसंपादकांनी बजावलं होतं की आता आणखी एक चुकीची बातमी आली तर माझी बातमीदारी बंद. आणि त्याच सुमारास कार्यालयात कायमच्या जागेसाठी माझं नाव चाललं होतं. मला ती जागा हवी होती. किती हवी होती, ते पुढे कळेल.

पाहुण्यांचा डाव संपला. त्यांनी फार धावा केल्या नव्हत्या. मधल्या सुटीत मी चर ओलांडून बूथवर गेलो. निरोप असा होता की आज जिल्ह्याचं पान छपाईला लवकर सोडायचंय, आत्ता द्यायचं ते द्या. उपसंपादकांनी विचारलं, "निकाल?"

मी म्हणालो, "बंदर इलेव्हन विजयी. सलग नववं वर्ष."

मॅच अर्धी बाकी होती. पण हरणार कोण होतं? दिलावर खेळायचा होता. मी सामनावीर म्हणून त्याचंच नाव दिलं. फोन ठेवला आणि दांड्यावर परत आलो.

यात माझं काय चुकलं, असं तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, काही नाही, सगळेच करतात. बहुतेक वेळा निकाल तसाच लागायचा.

त्या दिवशी लागेना. पाहुण्यांचा एक डावखुरा गोलंदाज वाळूचं मर्म ओळखून होता. आमच्या विकेट पडत गेल्या. दिलावर एका बाजूला टिकून, दुसऱ्या बाजूला येईल तो जाई. मॅच लांबली. ऊन कलायला लागलं. मी बांबूजवळ उभा होतो आणि बांबूकडे बघत नव्हतो. मला बघायची भीती वाटत होती. पान सुटलं होतं. बातमी छपाईला गेली होती. खेळ थांबला तर ती बातमी खोटी ठरणार होती — आणि मीही.

मग पायाला गार लागलं. मी खाली पाहिलं. पाणी फडक्याला लागलं होतं.

लागलं होतं. ओझरतं नाही, शंका घ्यावी असं नाही. फडक्याचं खालचं टोक पाण्यावर तरंगत होतं.

त्याच वेळी षटक संपलं. दिलावर खेळपट्टीवरून माझ्याकडे वळला आणि त्यानं बॅट उभी धरून वर केली. ही त्याची विचारायची खूण — पाणी? तो नेहमी विचारायचा. जिंकत असला तरी विचारायचा. ऊन समुद्राकडून थेट माझ्या अंगावर येत होतं. मी त्याला स्वच्छ दिसत असणार. टॉवेल माझ्या डाव्या खांद्यावर होता.

मी उजवा हात पुढे केला आणि पालथा धरला.

अजून वेळ आहे, चालू द्या.

त्यानं मान हलवली आणि खेळायला वळला. त्याचा विश्वास इतका साधा होता.

दुसऱ्या कुणी हे पाहिलं का? नाही. आमची पोरं समुद्राकडच्या टोकाला बसून ओरडत होती. सगळ्यांची नजर चेंडूवर होती. जो पाणी बघतो त्याच्याकडे कुणीच बघत नाही.

एवढं एक षटक, मी स्वतःला सांगितलं. पाणी वाढत होतं आणि मी त्याला मनात 'थांब' म्हणत होतो — किनाऱ्यावर जन्मलेला माणूस भरतीला थांब म्हणतो, यावरून माझी अवस्था ओळखा. त्या षटकात दिलावरनं चेंडू उचलून मारला. तो दांड्याच्या पाठीवरून, माझ्या डाव्या अंगानं, चरात पडला. मॅच संपली होती. आम्ही जिंकलो होतो. माझी बातमी खरी झाली होती. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहितो, कारण तेही लपवलं तर हे सगळं वाया. मला सुटल्यासारखं वाटलं.

सीमारेषेवर पाहुण्यांचा एक पोरगा होता, नरेश. एकोणीस-वीस वर्षांचा. चेंडू आणायची सवय म्हणून तो धावला. चेंडू पाण्यावर तरंगत होता, फार लांब नाही. पाहुण्यांना वाटलं असणार की पाणी अजून फडक्याच्या खाली आहे, घोट्याएवढं. मीच तसं सांगितलं होतं ना? तो माझ्यापासून दहा-बारा पावलांवर चरात उतरला. माझ्याकडे बघून तो ओळखीचं हसलाही, हरल्याचं, जरा ओशाळं. मी त्याला उतरताना पाहिलं. ओरडलो नाही. ओरडलो असतो तर सगळे वळले असते, सगळ्यांनी बांबू पाहिला असता.

किती वेळ? एक श्वास, दोन श्वास. मग त्याच्या पायाखालची वाळू गेली आणि त्याचं डोकं दिसेनासं झालं, आणि तेव्हा मी ओरडलो.

दिलावर बॅट टाकून धावत आला आणि पाण्यात झेपावला. कोळीवाड्यातले दोघं त्याच्यामागे. दिलावर इतका वेळ बुडी मारत राहिला की शेवटी त्यालाच ओढून काढावं लागलं. मला पोहता येतं. चौथी-पाचवीत असल्यापासून येतं. मी बांबू धरून उभा होतो.

नरेश पुढच्या ओहोटीला सापडला. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

त्या दिवशी दांड्यावर अडकलेल्यांना कोळ्यांनी होड्यांतून गावात आणलं आणि संध्याकाळी शाळेच्या पडवीत सगळे जमले. पाहुण्यांची पोरं एका कोपऱ्यात, न रडता बसलेली. चौकीचे हवालदार आले होते. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, पाण्यावर कोण होतं. मी म्हणालो, मी. मग त्यांनी विचारलं, खेळ थांबवला का नाही.

इथे मी थांबू शकलो असतो. नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, बाकीचं लोकांनी ओळखलं असतं. पण मी बोललो.

"मी टॉवेल वर केला होता," मी म्हणालो. "दिलावरला दिसला नसेल."

'नसेल' म्हणालो, बघा. सौम्य शब्द. मला शब्दांचं वजन कळतं, तो माझा धंदा आहे. दुसऱ्या दिवशी गावात त्याचं 'दिसला नाही' झालं, आठवड्यानं 'बघितला नाही' आणि महिन्यानं 'बघून न बघितल्यासारखं केलं'. मी फक्त पहिला शब्द दिला होता.

दिलावर समोरच बसला होता, कुणाच्या तरी कोरड्या लुंगीत, थरथरत. त्यानं माझ्याकडे पाहिलं. आता तो बोलणार, असं मला वाटलं. माझे पाय गार पडले. चरातलं पाणी लागलं होतं त्याहून गार.

तो म्हणाला, "मला हात दिसला. पण भाऊ बोलतायत तर टॉवेलच असेल. भाऊ खोटं नाही बोलणार."

एवढंच. त्यानंतर त्यानं कधी वाद घातला नाही. कॅप्टन दिलावरऐवजी माझ्या आळीतला कुणी असता, तर गावानं माझ्या एका वाक्यावर इतक्या लवकर विश्वास ठेवला असता का? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. उत्तर माहीत होतं, आणि ते माझ्या सोयीचं होतं.

बातमीही मीच दिली. 'अचानक आलेल्या भरतीमुळे' असं मी सांगितलं. मासळी बाजारात एक म्हातारी कोळीण माझ्याकडे बघून बाजूच्या बाईला म्हणाली, "भरती कवा अचानक येते गो? पावनी हाय काय ती, न सांगता यायला?" बाया हसल्या. मी म्हणालो, तो शब्द कार्यालयात बदलला. तेही खोटं.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात दोन्ही बातम्या होत्या. पहिल्या पानावर नरेश. आतल्या पानावर 'बंदर इलेव्हन विजयी'. कुठलीही दुरुस्ती छापावी लागली नाही. दोन महिन्यांनी मला अलिबागची जागा मिळाली.

तेराव्यानंतर नरेशचे वडील आमच्या गावात आले. एसटीनं, एकटेच. भांडायला आले असं वाटून पोरं पारावर गोळा झाली. मीही लांब उभा होतो. ते दिलावरच्या दारात गेले. दिलावरनं खुर्ची आणली, ते बसले नाहीत. त्यांनी शिवी दिली नाही. फक्त विचारलं, "तुला पानी लागल्याची खून दिसली न्हाय काय रं, पोरा?"

दिलावर म्हणाला, "नाही दिसली, चाचा."

ते बराच वेळ त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिले. मग आले तसे परत गेले.

दिलावरनं त्या आठवड्यात अलिबागला डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी सांगितलं, डोळे उत्तम आहेत. त्याचं समाधान झालं नाही. रेवसहून लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरला, मुंबईत दाखवलं. तिथेही तेच. कळतंय ना तुम्हाला? डोळे चांगले निघणं ही त्याच्यासाठी वाईट बातमी होती. डोळे चांगले आणि तरी दिसलं नाही, म्हणजे दोष आणखी आत कुठेतरी. शेवटी एका चष्म्याच्या दुकानदारानं त्याला चष्मा दिला. तेव्हापासून तो चष्मा लावू लागला.

आणि त्याची बॅटिंग संपली. ही गोष्ट मी कुठल्याही लेखात लिहिलेली नाही. उशिरा खेळणाऱ्या फलंदाजाला स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा असावा लागतो. दिलावर आता चेंडू लवकर खेळायला जायचा, चाचपडत, जणू समोर दिसतंय ते खरंच आहे की नाही याची त्याला खात्री नव्हती. पहिल्या-दुसऱ्या चेंडूवर स्टम्प उडायचे. तो मागे वळून स्टम्पकडे बघायचा नाही, आधी चष्म्याकडे हात न्यायचा. गावानं दांड्यावर खेळणं बंद केलं होतं. शाळेमागच्या मातीत चेंडू उसळायचा आणि आमच्या पोरांना उसळता चेंडू खेळता येत नव्हता. डोंगराकडच्या टीमा आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. जिथे पाहुण्याची पाठ सांभाळत नाहीत तिथे कोण येईल? दिलावरला मैदानात कुणीतरी पाण्यावरून टोमणा मारला, तेव्हा मोहल्ल्यातली पोरं उठून गेली. दुसऱ्या मोसमात त्यांची वेगळी टीम झाली. मग आखात, बंगले, लिलाव, टर्फ. ती सगळी कारणं नंतर आली. पोकळ झालेल्या घरात वारा शिरावा तशी.

दिलावर कतारला गेला. मी सुटलो असं वाटलं, पण नाही. तो सुटीवर आला की मला भेटायला यायचा. दर वेळी अत्तराची बाटली. "भाऊ, तुमच्यासाठी." त्या बाटल्या माझ्या कपाटात ओळीनं आहेत. एकही उघडलेली नाही. तो येणार असं कळलं की मी कार्यालयात जादा काम काढायचो. दारावर त्याच्या बोटांचा आवाज मी ओळखतो. तो आवाज आला की आजही मी घाबरतो. शिव्या दिल्या असत्या तर मी भ्यालो नसतो इतका. तो माझ्याशी चांगला वागतो, आणि मला कळत नाही की त्याला माहीत नाही म्हणून, की माहीत आहे म्हणून.

आता तो कायमचा परत आलाय. गावातल्या काही तरुणांनी दोन्ही टीमा एक करायचं मनावर घेतलंय. मंदिरासमोर बैठक झाली, मलाही बोलावलं होतं. बॅटिंग शिकवायला दिलावरभाईंना घ्यावं, असं एक जण म्हणाला. मागून कुणीतरी म्हणालं, "पाण्यात घालंल परत." दोघं-तिघं हसले. बोलणारा पंचविशीचा होता. त्या दिवशी तो चार-पाच वर्षांचा असेल. माझंच वाक्य पुढच्या पिढीच्या तोंडून आलं होतं. दिलावर उठला, म्हणाला, माझी नजर चांगली नाही, दुसरा बघा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, भाऊ काही बोलतील म्हणून. मी म्हणालो, विचार करू.

आणि मग गेल्या महिन्यात ते झालं, ज्यामुळे मी हे लिहितोय.

दुपारी दारावर बोटं वाजली. दिलावर. त्याला मोतीबिंदू झालाय, अलिबागला डॉक्टरांकडे जाऊन आला होता. त्यानं खिशातून जुना चष्मा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"भाऊ, डॉक्टर बोलले, याच्यात नंबरच नाही. साध्या काचा आहेत." तो हसला. "दुकानदारानं मला गप्प बसवायला दिलेल्या. मी इतकी वर्षं घालून फिरलो."

मी चष्मा हातात घेतला. त्यातून टेबल होतं तसंच दिसत होतं.

"मग एक विचारू? रागावू नका. त्या दिवशी टॉवेल कुठल्या हातात होता? मला अजून हातच दिसतो. उजवा. पालथा. डोळे मिटले की तोच. टॉवेल डाव्या हातात असेल तर मग बरोबर, दोन्ही गोष्टी खऱ्या — उजवा खाली, डावा वर. मी अर्धंच बघितलं, असं होईल."

तो मला वाट काढून देत होता. त्याला स्वतःसाठी हवी होती ती वाट — मी खोटा ठरणार नाही आणि तोही वेडा ठरणार नाही, अशी. वीस वर्षं त्यानं ती शोधली होती.

"डाव्या," मी म्हणालो.

"डाव्या," तो म्हणाला. "अल्ला, बरं झालं." आणि चष्मा खिशात घालून गेला.

हे वीस वर्षांपूर्वीचं नाही. हे गेल्या महिन्यातलं. तेव्हा मी तरुण होतो, घाबरलो होतो, नोकरी जाणार होती. आता काय जाणार होतं? निवृत्त झालोय. पोटाला आहे. तरी तोंडातून तेच आलं, लगेच, न अडखळता. मला भीती वाटते ती याची.

परवा त्याचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी आहे, वाचायला मनाई. पण पेपर त्याला लागतो. सकाळी ओट्यावर बसून त्याची मुलगी सना त्याला पेपर वाचून दाखवते, पहिल्या पानापासून, रविवारी पुरवणीसुद्धा. हा मजकूर मी पुरवणीकडे पाठवतो आहे. नावासकट छापा, असं कळवलंय. म्हणजे दिलावरला हे माझ्या तोंडून कळणार नाही. सनाच्या तोंडून कळेल. तेवढं धैर्य मला आजही झालं नाही, हेही तिला वाचावं लागेल.

ती कुठे अडखळेल ते मला माहीत नाही. नरेशचं नाव आलं की बहुतेक दिलावर तिला थांबवेल. मग म्हणेल, वाच. म्हणून शेवटच्या ओळी छोट्या ठेवतोय.

दिलावर, टॉवेल खांद्यावरच होता. मी उजवा हात पालथा धरला होता. तुला बरोबर दिसलं होतं.